कसबा की मौजे? नाचणगावाचा नकाशा आणि दुसऱ्यांचे मनसुबे

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणायचा. उजवीकडे नावं उर्दूत लिहायची, डावीकडे मराठीत. मला वाटलं होतं, पोरांची दोन्ही लिप्यांची मेहनत होईल, तेवढंच. एका मुलीनं आणलेला कागद मात्र मधोमध झिजून पारदर्शक झाला होता. नाचणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये तिनं रेघ ओढली होती, खोडली होती, सरकवून पुन्हा ओढली होती, पुन्हा खोडली होती.

"सर, आपलं गाव नेमकं कुठं संपते?" ती म्हणाली. "अब्बा म्हणतात इथं, मामू म्हणतात तिथं. अन् सर, हे गाव आहे का शहर?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. मास्तर लोक उद्या सांगतो म्हणतात तेव्हा समजून घ्यावं की त्यांनाही ठाऊक नसतं. त्या रात्री मी शोधायला बसलो आणि मग महिनाभर बसतच राहिलो. हा लेख त्यातूनच आला.

सरकारच्या दृष्टीनं उत्तर दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून नाचणगाव हे गाव. जनगणनेच्या वहीत मात्र ते शहर. जनगणनेची कसोटी अशी: वस्ती किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर हवेत. या तिन्ही कसोट्यांना उतरणारं पण नगरपालिका नसलेलं ठिकाण म्हणजे 'सेन्सस टाऊन'. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ ठिकाणं होती. २०११ मध्ये ती सुमारे ३,९०० झाली. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजार गावं मोजणीत शहरं झाली आणि कागदोपत्री गावंच राहिली. आमचं एकट्याचं हे दुखणं नाही, एवढाच काय तो दिलासा.

गंमत म्हणजे अशा ठिकाणासाठी आपल्या भाषेत एक शब्द होता. कसबा. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि पुण्याच्या कसबा पेठेपासून विदर्भापर्यंत रुळला. जुन्या कारभारात मौजे म्हणजे शेतकऱ्यांचं गाव, पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती, आणि कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य ठिकाण. तिथं देशमुख-देशपांड्यांचं दप्तर असे, काझी बसे, शेटे-महाजन बाजाराची व्यवस्था बघत. कसब्याला त्याचे हक्क होते, त्याची जबाबदारी होती. तो मोठं गाव नव्हता की लहान शहर नव्हता. त्याचा दर्जाच वेगळा होता.

आपल्या समाजाचा या शब्दाशी जुना संबंध आहे. पिंजारी, मोमीन विणकर, रंगरेज, अत्तार, मण्यार, तांबोळी हे सगळे कसब्याचे लोक. शेती थोडी किंवा नाहीच, हातात हुन्नर आणि गिऱ्हाईक बाजारात. आजही महाराष्ट्रातील मुसलमानांपैकी सुमारे ७० टक्के लोक शहरी भागात राहतात. पण शहरी म्हटलं की डोळ्यांपुढं भेंडीबाजार, मालेगाव, मोमीनपुरा येतात. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, मूर्तिजापूर, कारंजा येत नाहीत. या लहान ठिकाणांचं काय होतं यावर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल अवलंबून आहे, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आता इतिहासाकडे येतो.

१८५० च्या दशकात नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. या नव्या जिल्ह्याचं पहिलं मुख्य ठाणं कुठं होतं, हे मी शिक्षक मित्रांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. ते होतं कवठ्याला, पुलगावच्या शेजारी. आज पॅसेंजर गाडी तिथं मिनिटभर थांबते आणि निघते. जेमतेम चार वर्षं हा मान या परिसराकडं होता. १८६६ मध्ये ठाणं पालकवाडी नावाच्या वाडीवर हलवलं, तिथं रुंद सरळ रस्त्यांचं नवं शहर आखलं आणि नदीवरून त्याचं नाव वर्धा ठेवलं.

तो काळ कापसाचा होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसायची वेळ आली. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्यातली काळी जमीन अचानक सोन्याच्या भावाची झाली. कापूस मुंबई बंदराकडं वेगानं न्यायचा तर रेल्वे हवी. भुसावळहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची शाखा बडनेरा, पुलगाव, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वर्धा नदीवर पूल बांधला. पुलगावचं नावच या पुलावरून पडलं, असं इथं सगळे सांगतात.

रेल्वेची रेघ आखणाऱ्याला नाचणगावाशी काही वैर नव्हतं. त्याला नदी कुठं ओलांडायची आणि चढ कुठं कमी, एवढंच बघायचं होतं. ती रेघ जुन्या वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरवरून गेली. बैलगाडीच्या जमान्यात हे अंतर फार नव्हतं, पण बाजाराला ते पुरेसं असतं. कापसाच्या गाड्या स्टेशनकडं वळल्या की आडत्या स्टेशनकडं जातो, आडत्यामागं सावकार, सावकारामागं हमाल आणि हमालामागं चहावाला. अमरावतीलाही असंच झालं होतं. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला होता. खामगावही मार्गाबाहेर राहिलं होतं. पण ही दोन्ही कापसाची बडी नावं. तिथं वजनदार व्यापारी होते, सरकारला तिथल्या गाठी हव्या होत्या. म्हणून १८७० च्या सुमारास दोन्हीकडं खास फाटे टाकून दिले. लहान कसब्यासाठी फाटा कोण टाकणार? तो स्वतःच हळूहळू रुळांकडं सरकला. आज नाचणगाव आणि पुलगाव एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यामागं ही दीडशे वर्षांची सरकासरक आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. नागपूरला १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हिंगणघाटला त्यानंतर काही वर्षांत गिरणी आली आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत पुलगावलाही सूतगिरणीची चिमणी उभी राहिली. १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी धावू लागली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं ती टाकली होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ती याचीच मोठी बहीण. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, तरी या रुळांची मालकी त्या कंपनीकडंच राहिली. अशी विचित्र गोष्ट देशात क्वचितच दुसरीकडं सापडेल.

माझे दादा जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. त्यांच्या अब्बांचा धंदा पिंजाऱ्याचा होता. खांद्यावर कमान घेऊन ते गावोगाव गाद्या-रजया भरत फिरायचे. म्हणजे एका पिढीनं कापूस हातानं पिंजला, दुसरीनं त्याची गठाण उचलली, आणि तिसऱ्या पिढीतले माझे अब्बा गिरणीत साच्यावर उभे राहिले. लहानपणी आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. भोंगा झाला की अम्मी डबा बांधायची. पुढं आर्वीची गाडी बंद झाली, मग भोंगाही थांबला. चौथ्या पिढीतला मी खडू हातात घेतला. कापसाच्या देशात राहून कापसाशी माझा संबंध आता फक्त खादीच्या कुर्त्यापुरता उरला आहे, तोही ईदला.

गिरणी बंद पडली की माणसं म्हणतात, नशीब. मी म्हणतो, हिशेब. जे गाव एका मालावर, एका गिरणीवर आणि एका स्टेशनावर उभं असतं, त्याचं पुढं काय होणार हे आधीच दिसतं. इंग्लंडमध्येही हेच झालं. आपला कापूस ज्या लँकेशायरला गेला, त्या लँकेशायरच्या गिरण्याही पहिल्या महायुद्धानंतर एकामागून एक बसल्या. वेल्समध्ये कोळसा बसला, टाइन नदीच्या काठी जहाजांचे कारखाने बसले. १९३४ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेनं 'स्पेशल एरियाज' नावाचा कायदा केला. मंदीनं मोडलेल्या भागांसाठी सरकारनं काहीतरी आखणी करावी, ही कल्पना कायद्यात यायची ही सुरुवात. त्यांनी दक्षिण वेल्स घेतलं, ईशान्य इंग्लंड घेतलं, स्कॉटलंडचा पट्टा घेतला. लँकेशायर मात्र त्या यादीत घेतलं नाही. त्यांच्या कसब्यांचाही विसर पडतो म्हणायचा.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, डिसेंबर १९३४ मध्ये, पुलगावपासून तीसेक किलोमीटरवर वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. गांधीजी संघाच्या पाठीशी होते आणि कारभार जे. सी. कुमारप्पांच्या हाती होता. दोन देशांत, एकाच महिन्यात, एकच प्रश्न: धंदा गेलेल्या जागेचं काय करायचं? उत्तरं मात्र उलट होती. तिकडं बाहेरून कारखाना आणायचा विचार होता. इकडं आधी विचारायचं की इथल्या माणसाला काय येतं, इथं काय पिकतं, आणि ते इथंच कसं घडवता येईल.

कुमारप्पा नुसते बोलणारे नव्हते. ते हिशेबनीस होते, लंडनला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रांताची औद्योगिक पाहणी झाली. शेकडो गावांत जाऊन कोण काय बनवतो, कच्चा माल कुठून आणतो, विकतो कुठं, हे नोंदवलं गेलं. १९३९ मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं, नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि अहवाल कपाटात गेला.

बी.एड. करताना आम्हाला 'वर्धा शिक्षण योजना' पाच गुणांच्या टिपेसाठी होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हस्तोद्योगातून शिक्षण वगैरे. मी पाचपैकी चार मिळवले आणि विसरलो. आता पुन्हा वाचताना समितीतली नावं बघितली तर कुमारप्पा त्यात आहेत, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा आहेत, विनोबा आहेत, ख्वाजा गुलामुस सय्यदैन आहेत. हेच के. टी. शहा पुढच्या वर्षी राष्ट्रीय नियोजन समितीचे सरचिटणीस झाले. म्हणजे मुलांना काय शिकवायचं आणि प्रदेशाचा आराखडा कसा करायचा, हे दोन प्रश्न त्या लोकांनी वेगळे मानलेच नव्हते. आपल्या पोराला असं काय शिकवावं की त्याला पुण्याची गाडी पकडावी लागणार नाही, हा प्रश्न मी रोज वर्गात घेऊन जातो. झाकीर साहेबांनी तो इथून तीस किलोमीटरवर बसून हाताळला होता, आणि मला तो टीप म्हणून शिकवला गेला.

१९४४ मध्ये वर्ध्याच्याच सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी गांधीवादी योजना मांडली, टाटा-बिर्लांच्या 'बॉम्बे प्लॅन'च्या त्याच वर्षी. पुढं ते नियोजन आयोगाचे सदस्यही झाले. इतकं सगळं आमच्या जिल्ह्यात लिहिलं गेलं. दिल्लीचे मोठे आराखडे मात्र दुसऱ्या वाटेनं गेले. मी अंध गांधीवादी नाही. सूतगिरणीपेक्षा चरख्यानं माझ्या अब्बांचं घर चाललं असतं, असं मला वाटत नाही. पण आधी पाहणी, मग आराखडा ही त्यांची शिस्त मला पटते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ नंतर हिंदुस्थानात शहर शहर फिरत हेच सांगत होते. इंदूरचा १९१८ चा अहवाल त्यांनी गल्लीबोळ पायी फिरून लिहिला. बुलडोझरवाल्यांना तो आजही वाचायला द्यावा.

आता त्या गोष्टीकडं येतो, जिच्याबद्दल इथं बोलताना माणसं आवाज बारीक करतात.

१९४२. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या, कलकत्ता आणि किनारा असुरक्षित वाटत होता. दारूगोळा किनाऱ्यापासून लांब, देशाच्या मध्यावर आणि मुख्य रेल्वेवर साठवायला हवा, हा लष्कराचा साधा हिशेब. पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार उभं राहिलं. त्याच वर्षी जुलैत काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात बसून इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला आणि ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यातल्या आष्टीला माणसं गोळीबारात शहीद झाली. एका टोकाला चले जाव, दुसऱ्या टोकाला सुमारे ७,००० एकरांवर तारेचं कुंपण. आशियातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांत त्याची गणना होते.

या भांडारानं इथल्या लोकांना रोजगार दिला, हे मान्य केलं पाहिजे. डेपोत नोकरी लागली की लग्न ठरायचं. पण असा शेजारी घेऊन कसबा वाढतो कसा? एका बाजूला नदी, एका बाजूला रूळ, एका बाजूला लष्करी हद्द. लष्करी हद्दीलगत बांधकामाला बंधनं असतात, आणि ती असायलाच हवीत. वाढायला जागा उरते ती एकाच दिशेला, आणि तिकडं वाढ होते तीही आखणीशिवाय. शेत बिगरशेती करून, प्लॉट पाडून, वीस फुटी रस्ता दाखवून, प्रत्यक्षात बारा फूट सोडून.

३१ मे २०१६ ची रात्र आम्ही कोणी विसरणार नाही. रमजान आठवड्यावर आला होता, अम्मी शेवया करायचं म्हणत होती. मध्यरात्रीनंतर खिडक्या थरथरल्या. आधी वाटलं वीज पडली. मग आभाळ तांबडं झालं. अख्खा मोहल्ला रस्त्यावर. कोणी डोक्यावर पोर घेतलेलं, कोणी कागदपत्रांची पिशवी, आणि आमच्या शेजारच्या चाचींनी शिलाई मशीन उचलून आणलं होतं. कुठं पळायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे देवळीकडं, कोणी म्हणे नदीकडं. एक मोठा माणूस शांतपणे म्हणाला, "पळून जाल कुठं भाऊ, रस्ता तर एकच आहे." त्या आगीत लष्करी अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मिळून पंधराहून जास्त लोक गेले. जवळच्या खेड्यांतली माणसं रातोरात हलवली. पुढं २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जण मेले. त्यांत रोजंदारीवर गेलेले इथले मजूरही होते.

मला त्या रात्रीपासून एकच वाक्य छळतं: रस्ता तर एकच आहे. वस्तीच्या आराखड्याचं पहिलं काम काय, तर माणसाला बाहेर पडायला दुसरा रस्ता ठेवणं. सुशोभीकरण, कारंजं, प्रवेशद्वार हे सगळं नंतर.

मग आराखडा करायचा कोणी? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्याप्रमाणे नगरपालिकेनं आपल्या हद्दीची विकास योजना करायची, प्रसिद्ध करायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या. रस्ते, शाळा, बाजार, मैदान, दवाखाना, स्मशान, कब्रस्तान यांच्या जागा त्यात राखून ठेवायच्या. ग्रामपंचायतीला ही पायरी नाही. तिच्याकडं वर्षाचा ग्रामविकास आराखडा असतो. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं तो होतो. त्यात नाल्या, पेव्हर ब्लॉक, अंगणवाडीची दुरुस्ती असते. ही कामं हवीतच, पण वीस वर्षांनी बाजार कुठं असेल हे त्यात लिहायची सोय नाही. २०१४-१५ मध्ये राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. आमच्या जिल्ह्यात सेलू, समुद्रपूर, कारंजा, आष्टी यांना तो दर्जा मिळाला. नाचणगाव तालुक्याचं ठिकाण नाही, तालुका देवळी. म्हणून त्या दारातून आत जाता आलं नाही.

दिल्लीच्या योजना बघितल्या तर तिथंही आम्ही दोन खुर्च्यांच्या मधे पडतो. लहान-मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना १९७९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये दुसऱ्या योजनेत मिसळली; ती नगरपालिकांची. २०१५ ची 'अमृत' योजना मुख्यतः एक लाखावरच्या शहरांची. डॉ. अब्दुल कलाम खेड्यांना शहरी सोयी देणाऱ्या 'पुरा'ची कल्पना कळकळीनं सांगत राहिले, पुढं २०१६ मध्ये 'रुर्बन' मिशन निघालं, देशभरात ३०० समूह निवडायचे होते. विदर्भाच्या अनुशेषाचं गणित मांडणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये जिल्हा हे एकक धरलं. जिल्ह्याच्या सरासरीत कसबा दिसत नाही. विदर्भ वैधानिक विकास मंडळ १९९४ ला आलं आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली, तेव्हा कोरोनाच्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आलं नाही.

उर्दू शिकवणारा माणूस असल्यानं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. उर्दूत योजनेला मन्सूबा म्हणतात. पंचवार्षिक योजना म्हणजे पंजसाला मन्सूबा. मराठीत तोच शब्द मनसुबा झाला आणि त्याचा अर्थ झाला एखाद्याच्या मनातला बेत. मराठीतली तरतूद ही अरबी तरद्दुद, आणि उर्दूत तरद्दुद म्हणजे काळजी. दीडशे वर्षांत इथं मनसुबे भरपूर झाले. लँकेशायरचा झाला, रेल्वे कंपनीचा झाला, युद्धखात्याचा झाला. तरतूद त्यांनी आपापल्या कामापुरती केली. तरद्दुद राहिली ती आमच्याकडं.

आता नवा मनसुबा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो, आर्वीच्या वाटेवर विरूळजवळ चढता-उतरता येतं. महामार्गालगत कृषी समृद्धी नगरं वसवायची, असंही ठरलं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, ती देवळीवरून. मी या कशाच्याच विरोधात नाही. मुंबईला जाणारा माझा भाचा रात्रभराचा प्रवास वाचला म्हणून खूश आहे. पण १८६७ ची गोष्ट वाचल्यावर मला भीती वाटते. पुन्हा एक रेघ आमच्या बाजूनं गेली आहे. स्टेशनकडं बाजार सरकला तसा आता इंटरचेंजकडं सरकेल, आणि रिकाम्या माळावर नवं नगर वसवताना जुन्या कसब्याची आठवण कोणाला राहील? पालकवाडीवर नवं शहर आखलं तेव्हा कवठ्याची राहिली होती का?

महिनाभराच्या वाचनात मला एकच दार उघडं सापडलं, आणि ते राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २४३ झेडडी. १९९३ ला अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं तो आला. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असावी आणि तिनं पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याची योजना तयार करावी, असं त्यात आहे. पुढं तर स्पष्ट लिहिलंय की पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबी, जागेचं नियोजन, पाण्याची आणि इतर साधनांची वाटणी, हे समितीनं विचारात घ्यावं. महाराष्ट्रात या समित्यांचा कायदा १९९८ चा आहे. समितीच्या बातम्या आपण वाचतो, पण त्या असतात निधी किती आला, किती खर्च झाला, पालकमंत्री काय म्हणाले याच्या. नाचणगाव-पुलगावची नाली, पाणी, कचरा आणि संकटाच्या वेळचा दुसरा रस्ता यांचा एकच नकाशा असावा, ही मागणी त्या टेबलावर गेलेली माझ्या वाचनात आली नाही.

विलीन करा, नाही करू नका, नगरपंचायत करा, या वादात मी पडत नाही. घरपट्टी वाढेल म्हणून गरीब माणूस नगरपालिकेला घाबरतो, त्याची भीती खोटी नाही. ग्रामपंचायतीत त्याला आपला माणूस भेटतो, हेही खरं. हद्द कुठंही असो, पावसाचं पाणी हद्द बघून वाहत नाही, आणि २०१६ च्या त्या रात्री कोणी हद्द बघून पळत नव्हतं. एकत्र नकाशा करायला एकत्र कार्यालय लागत नाही. कुमारप्पांच्या लोकांनी प्रांतभर केलं, ते आपल्याला दोन वस्त्यांपुरतं जमणार नाही का? कोणाच्या हातात काय हुन्नर आहे, किती शिलाई मशिनी आहेत, किती वेल्डर, किती गादीवाले, किती पोरं डिप्लोमा घेऊन घरी बसलीत, कापूस कुठं जातो आणि सरकी कुठं जाते. डेपोतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ इथं गल्लोगल्ली आहेत. त्यांचं ज्ञान कोणत्या वहीत लिहिलंय?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी नाही, पाच आठवड्यांनी उत्तर दिलं. सांगितलं की बेटा, रेघ काढूच नको. तिनं विचारलं, मग सर, मार्क? मी म्हटलं, मार्क नकाशाचे, रेघेचे नाही. तिनं नवीन कागद घेतला आणि दोन्ही वस्त्या एकत्र काढल्या. वर उर्दूत आणि मराठीत लिहिलं, कसबा नाचणगाव. पुलगावच्या दोन पोरांनी लगेच हरकत घेतली. मग बऱ्याच भांडणानंतर शीर्षकाची जागा कोरी ठेवायची ठरली.

आता वर्गाची पाहणी सुरू आहे. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली दहा घरं घेतली आहेत. प्रश्न सातच: घरात काय काम येतं, कुठून शिकलात, माल कुठून आणता, कुठं विकता, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं, आणि रात्री पळायची वेळ आली तर कोणत्या रस्त्यानं जाल. सातव्या प्रश्नाला आतापर्यंत बहुतेकांनी एकाच रस्त्याचं नाव सांगितलं आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा कागद ठेवायचा आणि ठरावासोबत जिल्हा नियोजन समितीकडं पाठवायचा, असं पालकांच्या बैठकीत ठरलंय. अर्जाचा मसुदा मी करतोय. एका आजोबांनी बजावलं आहे, "मास्तर, लांबलचक नको लिहू. साहेब लोक पहिलं पानच वाचतात." पहिल्या पानावर म्हणूनच नकाशा लावणार आहे.